तेयोने सामना बघू नये

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तेयो न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण लावला, वस्तरा हवेत धरला आणि जाहीर केलं, "यंदा एकही सामना चुकवणार नाही. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत सगळं बघणार. आणि लिहून ठेवा, यंदा कप आपलाच!"

गिऱ्हाइकाने काही लिहून ठेवलं नाही. एक तर त्याला हलायची सोय नव्हती, आणि दुसरं म्हणजे आमच्या पुएर्तो ओंदोत हे वाक्य दर ऑक्टोबरला कोणी ना कोणी म्हणतंच. आमचा बेसबॉलचा संघ पेलिकन. सव्वीस वर्षांत त्यांनी कपाला हात लावलेला नव्हता. पण तेयोची भक्ती म्हणजे भक्ती! संघाचा रंग आकाशी, म्हणून दुकानाच्या भिंती आकाशी, खुर्ची आकाशी, दाढीचा ब्रशसुद्धा आकाशी. लग्नाची तारीख काढताना त्याने आधी सामन्यांचं वेळापत्रक बघितलं होतं, आणि त्याची बायको नूरिस हे अजून विसरलेली नाही.

सामने बघायची जागा म्हणजे दोन्या फियोरचं किराणा दुकान. तांदळाच्या पोत्यांच्या वर टीव्ही, दाराबाहेर डॉमिनोचं टेबल, आणि लाईट गेली तरी तग धरणारा इन्व्हर्टर. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तेयोची. तिथे दुसरं कोणी बसत नसे.

पहिला सामना हरलो. दुसरा हरलो. असे आठ झाले. आठव्याला दोन्या फियोरने टीव्हीकडे पाठ केली आणि तांदूळ निवडायला घेतले.

"अहो, मोसम अजून लांब आहे," तेयो म्हणाला.

"तीच तर भीती आहे रे बाबा."

नवव्या सामन्याच्या दिवशी तेयोची दाढ ठणकायला लागली. डॉक्टरांनी ती उपटून हातात देईपर्यंत सामना संपला. बाहेर येतो तर रस्त्यावर गाड्यांचे भोंगे. पेलिकन अकरा-एक असे जिंकले होते! सुजलेला गाल धरून तेयो नाचला. दहावा सामना त्याने खुर्चीत बसून बघितला, हरलो. अकराव्याला नूरिसने त्याला मामेबहिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला ओढून नेलं, जिंकलो. बारावा बघितला, हरलो.

डॉमिनोच्या टेबलावर आमाब्ले मास्तर बसायचे. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी सोंगटी खाली ठेवली आणि चष्मा पुसला.

"तेयो, रागावणार नसशील तर एक विचारू?"

"विचारा की मास्तर."

"तू घरी का जात नाहीस?"

पण मास्तर गणिताचे. नुसत्या संशयावर माणसाला घरी पाठवतील कसे? त्यांनी शुक्रवारी रीतसर प्रयोग केला. तेयोला दुकानामागे रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटवर बसवलं. पाचव्या डावात पेलिकन पाच-शून्य पुढे. मास्तर म्हणाले, "आता बोलवा त्याला." तेयो आला, खुर्चीला टेकतो न टेकतो तोच समोरच्याने होमरन मारला. चेंडू इतका लांब गेला की कॅमेऱ्यालाही सापडला नाही.

"जा!" सगळे ओरडले.

तो गेला. पुढचा फलंदाज बाद.

"ये बघू."

तो आला. होमरन.

"अरे जा, जा, जा!"

दोन्या फियोरने छातीवर क्रूस काढला. "साफा! साफा! टळो रे देवा! अरे, हा तर फुकू आहे! पांढऱ्या पायाचा!"

"मी?" तेयोचा आवाज चिरकला. "दोन्या फियोर, मी सव्वीस वर्षं एकेक सामना..."

"तेच म्हणते मी! सव्वीस वर्षं कप का नाही, ते आज कळलं!"

तेयोला हे फार लागलं. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. कोणी त्याला वाईट न्हावी म्हणालं असतं तर त्याने हसून सोडून दिलं असतं. अधूनमधून म्हणतातच लोक. पण पेलिकन आपल्यामुळे हरतात? ज्यांच्यासाठी जीव टाकायचा, त्यांच्याच मुळावर आपण? सकाळी त्याने स्वतः जाऊन मास्तरांना सांगितलं, "माझ्या बघण्याने हरत असतील, तर मी नाही बघणार." मास्तरांनी त्याला कॉफी पाजली आणि लगेच पुढच्या सामन्यांच्या तारखा दिल्या.

तेव्हापासून तेयोला सामन्याच्या वेळी लांब ठेवणं हे गावाचं काम झालं. आज याच्याकडे जेवण, उद्या त्याच्याकडे. तळलेल्या केळ्यांवर तेयो चार किलोंनी वाढला. दोन महिन्यांत तो तीन पोरांचा धर्मपिता झाला, त्यातल्या एका पोराचा बाप्तिस्मा आधीच एकदा होऊन गेला होता. निकाल त्याला भोंग्यांवरून कळायचा. नूरिस म्हणायची, "नऊ वर्षं सांगतेय, माझ्या आईकडे चला. आता आठवड्यातून दोनदा स्वतःच निघतोय हा माणूस!"

आणि पेलिकन जिंकत सुटले. जानेवारीत अंतिम फेरी, समोर लोमा आल्ताचे कोंबडे. तीन सामने त्यांनी घेतले, तीन आपण. शेवटचा रविवारी दुपारी तीनला, कोंबड्यांच्याच मैदानावर.

मास्तरांनी हुकूम काढला, "तेयो गावात नको. भिंतीपलीकडून ओरडा ऐकला तरी धोका." सासूचं गाव डोंगरात, तिथे ना लाईट ना मोबाईलची रेंज. एकची बस पकडायची ठरली. नूरिसने त्याचा आकाशी सदरा काढून घेतला आणि साधा पांढरा घालायला दिला. "मोह नको," म्हणाली.

एकची बस सव्वादोनला सुटली, कारण बस भरल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. त्यामुळे तीन वाजले तेव्हा तेयो अर्ध्या वाटेत होता, आणि ड्रायव्हरने रेडिओ लावला.

"दादा, जरा रेडिओ बंद करता का?"

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "का, मयताला चाललायस?"

"नाही. सासुरवाडीला."

"मग तर रेडिओ पाहिजेच!"

बस हसली. तेयोने कानात बोटं खुपसली, पण आमच्याकडचे समालोचक कानात बोटं घातलेल्यांसाठीच बोलतात. पहिल्याच डावात कोंबड्यांची एक धाव. मग दुसरी. तेयो उठून उभा राहिला. "अहो बंद करा हो! मी ऐकलं की पेलिकन हरतात!"

सगळी बस त्याच्याकडे वळली. मग त्याला सगळं सांगावं लागलं. दाढ, बाप्तिस्मा, बाटल्यांचं क्रेट. मांडीवर कोंबडी घेतलेल्या एका म्हातारीने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तू फुकू आहेस?"

"मास्तर तसं म्हणतात."

"साफा!" म्हातारी किंचाळली. "साफा!" अख्खी बस किंचाळली. ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की मागचे पुढे आले. मत घ्यायची गरजच पडली नाही. पण आमची माणसं मनाने वाईट नाहीत. म्हातारीने खिडकीतून त्याच्या हातात दोन संत्री दिली.

"रागवू नकोस हं बाळा. तू चांगला आहेस. पण लांब राहा."

बस धूळ उडवत गेली. रणरणत्या उन्हात तेयो डोंगराच्या दिशेने चालू लागला. दहा मिनिटांनी मागून एक मालवाहू गाडी आली, जांभळे झेंडे लावलेली, मागे सहा-सात माणसं. जांभळा म्हणजे कोंबड्यांचा रंग. चालवणाऱ्याचं पोट स्टिअरिंगला टेकलेलं.

"कुठे रे भाऊ, एवढ्या उन्हात?"

"डोंगरात, सासूकडे."

"अरेरे! बस, बस. स्टेडियमपुढच्या फाट्यावर सोडतो. आम्हालाही उशीर झालाय, टायर फुटला."

पोटवाल्याचं नाव पापोलो. गाडीतही रेडिओ चालू होता. आता शहाण्या माणसाने तोंड मिटून बसावं की नाही? पण न्हाव्याच्या पोटात काही राहत नाही. तेयो म्हणाला, "भाऊ, तेवढा रेडिओ बंद कराल का? मी फुकू आहे." इथपर्यंत ठीक होतं. पण पापोलोने सहज विचारलं, "कोणाचा?" आणि हा म्हणाला, "पेलिकनांचा."

पापोलोने गाडी कडेला घेतली. खाली उतरला, वळसा घालून आला, तेयोचं दार उघडलं आणि त्याला मिठी मारली.

"पोरांनो, उतरा खाली! देव पावला आपल्याला!"

त्यांचा एक जोडीदार गालगुंड होऊन घरी पडला होता, त्याचं तिकीट शिल्लक होतं. पहिल्या रांगेचं. त्या स्टँडमध्ये दुसऱ्या रंगाला थारा नसतो, म्हणून त्यांनी तेयोच्या पांढऱ्या सदऱ्यावर जांभळा सदरा चढवला. त्याने हातपाय झाडले, पण सातजण होते आणि सगळे अत्यंत प्रेमाने वागत होते. फाटा कधी गेला ते कळलंही नाही.

चौथ्या डावात तेयो पहिल्या रांगेत बसला होता. एका बाजूला पापोलो, दुसऱ्या बाजूला पातेल्याचं झाकण बडवणारी एक बाई. समोर हिरवंगार मैदान आणि हाकेच्या अंतरावर त्याचे पेलिकन, खरेखुरे, घामाने डबडबलेले. जन्मात त्याने अंतिम सामना मैदानावर बघितलेला नव्हता. त्याने ते एक क्षण डोळे भरून बघितलं, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. संत्रं सोलून सालीचे बोळे कानात घातले आणि मोठमोठ्याने मारियाची प्रार्थना म्हणायला लागला.

"अरे, बघ की!" पापोलो हलवायचा.

"बघतोय!"

"डोळे मिटलेत तुझे!"

"माझे डोळेच बारीक आहेत!"

त्यांनी त्याला तळलेलं डुकराचं मांस खिलवलं, गार बिअर पाजली, वारा घातला. गावजेवणात जावयाची होत नाही अशी सरबराई. पण तेयोने डोळे उघडले नाहीत. सहाव्या डावात पेलिकनांची एक धाव झाली. आठव्यात दोन. तीन-दोन! हे त्याला कळलं ते बाजूच्या बाईने पातेल्याचं झाकण बडवायचं थांबवलं म्हणून.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात पापोलोचा धीर सुटला. त्याने तेयोच्या कानातली सालं काढून फेकली. "बाबा रे, हात जोडतो. आमचे दोन बाद झालेत, तिसरा गेला की संपलं, पण तिन्ही बेसवर आमचे गडी उभे आहेत. एक फटका, आणि कप आमचा. फक्त एकदा बघ!"

तेयोला वडील आठवले. त्यांनीच त्याला खांद्यावर बसवून पहिला सामना दाखवला होता, आणि कप परत आलेला न बघताच ते गेले. आपणही असेच जाणार? डोळे मिटून? हा चेंडू नाही बघितला तर मग बघायचं काय? तो मनातल्या मनात म्हणाला, माफ करा रे पोरांनो, पण माझ्याच्याने राहवत नाही. आणि त्याने डोळे उघडले.

ठक्! चेंडू उंच गेला. पंधरा हजार जांभळी माणसं उभी राहिली. पेलिकनांचा एक कोवळा क्षेत्ररक्षक चेंडूकडे बघत मागे धावला, अडखळला, टोपी उडाली, गुडघ्यावर पडला, आणि हातमोजा वर केला. चेंडू त्यात जाऊन बसला.

तेयोने हे सगळं बघितलं. पापणीसुद्धा न लववता बघितलं. सव्वीस वर्षं! आणि ओरडायची सोय नव्हती. तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. पापोलोही रडत होता. त्याने तेयोच्या पाठीवरून हात फिरवला.

"उगी उगी. तू तुझ्याकडून केलंस भाऊ. आमचंच नशीब फुटकं."

तेयो गावात पोचला तेव्हा दोन्या फियोरच्या दुकानासमोर ढोल वाजत होते. तो गर्दीत घुसला. "मी बघितला! शेवटचा चेंडू! स्वतःच्या डोळ्यांनी! आणि आपण जिंकलो! मी फुकू नाही! मास्तर, सांगा यांना, मी फुकू नाही!"

ढोल थांबले.

"आम्हीही बघितलं तुला," नूरिस म्हणाली. "टीव्हीवर. शत्रूच्या पोरांकडून वारा घालून घेताना."

तेयोने सगळी हकीकत सांगितली. आमाब्ले मास्तरांनी ती पूर्ण ऐकली, चष्मा पुसला, आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चेंडू बघितलास तेव्हा अंगात काय होतं?"

"हाच सदरा. बळंच घातला हो त्यांनी."

"म्हणजे जांभळा." मास्तर गर्दीकडे वळले. "अंगात जांभळा सदरा, आणि हरले जांभळे. गणित सोपं आहे. आकाशी घालून बघितलं की आकाशी हरतात. याचा फुकू सदऱ्याला लागतो!"

अख्ख्या गल्लीने मान डोलावली. दोन्या फियोर म्हणाली, "इतकी वर्षं मेला उलटा वापरला आपण!"

पुढच्या ऑक्टोबरात गावाने वर्गणी काढून तेयोला मोसमाचं तिकीट घेऊन दिलं. प्रतिस्पर्ध्यांच्या स्टँडमधलं. पाच संघांचे पाच सदरे त्याच्या कपाटात आहेत आणि नूरिस सामन्याच्या सकाळी त्या त्या रंगाला इस्त्री करते. टाळ्याही त्याला मनापासून वाजवाव्या लागतात. अर्ध्या मनाने वाजवल्या तर फुकू फसत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. पेलिकन आकाशी कपड्यांत समोर खेळतात, आणि हा पलीकडच्या बाजूला बसून त्यांच्या नावाने शिट्ट्या मारतो. जिंकले तर त्याला रडू येतं, हरले तर जास्त येतं. पापोलोला वाटतं, भाऊ त्या दिवसापासून आपल्याच बाजूला आला.

गेल्या डिसेंबरात लोमा आल्ताला कोंबड्यांच्या चाहत्यांचं मोठं जेवण झालं. पापोलोने माईक घेतला आणि तेयोला स्टेजवर बोलावलं. "मंडळी, चाहते पुष्कळ बघितले," तो म्हणाला, "पण आपण जिंकल्यावरसुद्धा ढसाढसा रडणारा हा एकच! याला म्हणतात निष्ठा!" आणि त्याने तेयोच्या हातात वर्षातल्या सर्वोत्तम चाहत्याची ढाल दिली. वर पितळेचा कोंबडा.

सगळे म्हणाले, "दोन शब्द बोला, दोन शब्द!" तेयोने तोंड उघडलं, पण त्याला पुन्हा रडू फुटलं. टाळ्या दहा मिनिटं थांबल्या नाहीत.