मान डावीकडे, घास मध्येच

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात एका छत्र्यांच्या कंपनीत काम करणाऱ्या बांग ग्यूबोमची मान गुरुवारी कंपनीच्या जेवणावळीत डावीकडे वळली, ती वळलीच. साहेबांसमोर सोजू, म्हणजे तिथली दारू, प्यायची तर तोंड फिरवून प्यावी, हा तिकडचा शिष्टाचार. साहेब पाजत राहिले, ग्यूबोम तोंड फिरवत राहिला. आधी मान अडकली, पाठोपाठ पोट.

"घास सरळ उतरायला हवा. तुझा वळणावर अडकतो," नाडी धरून वैद्य ह्योनबाई म्हणाल्या. त्यांनी हातावर सुया टोचल्या, पोटावर शेक ठेवला, काळाकुट्ट काढा दिला. "औषध माझं, पथ्य तुझं. जेवणावळी बंद."

"बाई, बढती तोंडावर आलीय."

"तोंड कुठंय तुझं? ते भिंतीकडे आहे."

दुसऱ्या दिवशी बैठकीत विभागप्रमुख मेंग साहेब थबकले. "हातात पेला नाही, तरी मान वळलेली! बघा रे, याला म्हणतात संस्कार."

ग्यूबोमचं नाव उपप्रमुखपदासाठी गेलं. दुपारपर्यंत अख्ख्या विभागाच्या माना वळल्या. काहींच्या उजवीकडे वळल्याने शिस्तीचा प्रश्न उद्भवला. परिपत्रक निघालं की आदर डावीकडेच व्यक्त करण्यात यावा. छत्र्यांना मुठी उलट्या बसू लागल्या, पण समोर बघणारं कुणी उरलंच नव्हतं. लवकरच सगळा विभाग ह्योनबाईंच्या दवाखान्यात पोट धरून एकाच भिंतीकडे बघत बसला.

ग्यूबोमला गुण आधी आला. कट्‌कन आवाज झाला, मान सरळ. पोटात गुरगुरलं. किमचीचा रस्सा आणि भात हाणून तो कचेरीत शिरला आणि त्याने समोर बघितलं. समोर मेंग साहेब.

"माझ्याकडे बघतोस?" साहेबांचा आवाज चिरकला. "थेट?"

"साहेब, बरा झालो."

"कुणाला विचारून?"

बढती तिथल्या तिथे स्थगित झाली. ग्यूबोम धावत दवाखान्यात आला.

"बाई, परत वळवा!"

"पोट पुन्हा अडकेल रे."

"पोट आतून बिघडतं, बाई. मान बाहेरून दिसते."

ह्योनबाईंनी उसासा टाकला आणि मान धरली.

उपप्रमुख बांग हल्ली पेजेवर असतात. याला हसायला हरकत नाही. फक्त हसण्याआधी आपले साहेब जवळपास नाहीत ना, हे तुम्ही ज्या बाजूला मान वळवून पाहिलंत, ती बाजू ह्योनबाईंना कळवा. पोटाचं काय ते त्या ओळखतील.