चौकातील हिरवळीची आणि तांबू श्वानाची बखर

श्रीगजवदनास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्या मातीवर आपोआप गवत उगवत असे त्या मातीसही नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्रमासी चार इमारतींच्या एका राज्यात जे वर्तमान घडले, ते पाहिले तैसे लिहितो.

त्या राज्याचे अध्यक्ष श्रीमंत भार्गवराव ठोसर. पुरुष करारी, शिस्तीचा, पहाटे उठोन चार फेऱ्या मारणारा. राज्याच्या मध्यभागी चौक, चौकात हिरवळ, हिरवळीच्या मधोमध झेंड्याचा खांब. ते साली बोअरचे पाणी आटले आणि हिरवळ वाळून काथ्या जाहली. मग अध्यक्षांनी मसलत करोन प्लास्टिकचे गवत आणविले, हिरवेगार गालिचे अंथरिले, पात्यांमध्ये काळे रबराचे दाणे पसरिले, आणि पेढे वाटिले. लोक बहुत संतोष पावले. न पाणी, न माळी, न चिखल. मग मुलांनी खेळावे केव्हा, वृद्धांनी बसावे केव्हा, याचे वेळापत्रक ठरले, आणि सकाळ-संध्याकाळ सारी वाटून गेल्यावर दुपारी एक ते चार उरली, ती राज्यातील श्वानांस दिली. तेसमयी कोणासही यात काही वावगे वाटले नाही.

राज्यात श्वान दोन. एक लहानखुरा, तो मालकिणीच्या कडेवरच असे, त्याची गोष्ट नाही. दुसरा तांबू. वय बारा, रंग तांबडा, मागला एक पाय अधू. याच्या धनीण खांबेटेबाई, सरकारी इस्पितळातून निवृत्त जाहलेल्या परिचारिका, पहिल्या मजल्यावर एकट्या राहत. तांबूस फाटकाबाहेर न्यावे तर रस्त्यावरील श्वानांची टोळी अंगावर येई आणि अधू पायाने पळवत नसे, म्हणोन त्यास चौकाखेरीज जागा नव्हती. नवे गवत आल्यावर तांबू चार दिवस दुपारी गेला, पाचवे दिवसापासोन काठावर उभा राहोन पाऊल उचलोन धरी आणि परत फिरे, आणि मग नाइलाजे जिन्याखाली विधी करी. जिना नासला. लोक खवळले. अध्यक्षांनी एक पत्र दिधले, मग दुसरे दिधले.

खांबेटेबाई सभेस आल्या आणि शांतपणे निवेदन केले की गवत दुपारी तापते, तांबूच्या तळव्यांस फोड आले आहेत, रोज खोबरेल लाविते. अध्यक्ष म्हणाले, पाहणी करू. आणि त्या राज्याची रीत अशी की कोणत्याही तक्रारीची पाहणी सकाळी सात वाजता, फेऱ्या आटोपल्यावर, पायांतील बुटांनिशी होत असे. चिटणीस वैजापूरकरांसह अध्यक्ष आले, बुटाने गवत दाबले, वाकून हातही लाविला. गार होते. दंवही होते. मग वैजापूरकरांनी वहीत लिहिले की तक्रार निराधार, श्वान हट्टी. आणि तिसरे पत्र निघाले की एक मेपावेतो श्वानाने नेमल्या जागी विधी न केल्यास त्यास राज्याबाहेर करावे, झेंडावंदनानंतरचे सभेत निकाल होईल. त्या पत्रावर सभासदांच्या सह्या जाहल्या. या लेखकानेही केली. त्याची लाज अद्याप वाटते. खांबेटेबाईंनी पत्र वाचोन त्याची घडी घातली, इतकेच म्हणाल्या की तो गेला तर मीही जाईन. कोठे जाणार, हे कोणी विचारिले नाही, आणि त्यांसही ठाऊक नव्हते.

पुढे एक मे उजाडली. चैत्र वद्य अष्टमी, बुधवार. झेंडावंदन आठास नेमिले होते, परंतु प्रमुख पाहुणे दुसऱ्या तीन राज्यांतील झेंडे उरकीत उरकीत सवाअकरास पोहोचले. तोवर लोक पार्किंगच्या सावलीत सरबत पीत बसले होते. अध्यक्षांचा हुकूम असा की झेंड्याखाली पादत्राणे नकोत, शिवाय गवत नवे आहे. मग सर्वांनी काठावर चपला काढिल्या आणि लगबगीने खांबापाशी रांगा केल्या. पाहुण्यांच्या पायांत जाड मोजे होते. त्यांनी दोरी ओढिली, फुले पडली, आणि राष्ट्रगीत सुरू जाहले.

आता हलता येईना. पहिल्या ओळीस तळवे चुरचुरले, दुसरीस जळू लागले, आणि सावधान मोडावे तर झेंड्याचा अवमान. वैजापूरकर टाचा उचलू लागले, मग बोटे उचलू लागले. अध्यक्ष मात्र ताठ उभे, डोळ्यांतून घळघळा पाणी. लोकांस वाटले देशप्रेम दाटले. शेवटचा जयघोष होताच पाहुणे भाषणास सरसावले आणि सारे राज्य चपलांकडे धावले. एकाची चप्पल दुसऱ्याने घातली. अध्यक्षांची मिळेना. मग त्यांस काठावर खांबेटेबाई दिसल्या. त्यांनी तांबूखाली ओले गोणपाट अंथरिले होते, निकाल ऐकण्यास दोघे तेथेच बसली होती. अध्यक्ष तसेच धावले आणि गोणपाटावर चढले.

तांबूने वर पाहिले, आणि अधू पाय ओढीत सरकून त्यांस जागा दिली.

अध्यक्षांनी खाली बसोन तांबूचे पाऊल हाती घेतले, उलटे करोन पाहिले.

"बाई, हा रोज यावरून चालायचा?"

"एक ते चार. वेळ तुम्हीच दिली होतीत."

अध्यक्षांनी पाऊल हलकेच खाली ठेविले. सभा भरली ती तेथेच, काठावर, आणि श्वानाचा विषय निघालाच नाही. गवताचा निघाला. मग उन्हाने तापणारे काळे दाणे उपसोन धुतलेली वाळू घातली, आग्नेय कोपऱ्यावर सावलीची जाळी ताणिली. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून जे पाणी मोरीत वाहोन जाई, ते घरोघरी बादलीत धरोन संध्याकाळी गवतावर शिंपू लागले, त्याने गवत निवले आणि दुर्गंधही धुतला गेला. श्वानांस सकाळी सहा ते सात आणि सायंकाळी सात ते आठ नेमिले. तिसरे पत्र वैजापूरकरांनी स्वहस्ते फाडिले. नियमाचा नवा कागद चौकात लागला की पालथा हात गवतावर ठेवोन सावकाश पाच मोजावे, हात ठेववेना तर श्वानास नेऊ नये.

तात्पर्य इतके की पाहणी करणे ती ज्याचे पाय त्याच्या वेळेस करावी. तांबूचे फोड ज्येष्ठात बरे जाहले. परंतु कागदावर त्याचा भरवसा नाही. तो रोज सायंकाळी काठावर येऊन बसतो, आणि भार्गवराव ठोसर येऊन, चपला काढोन, गवतावर अनवाणी उभे राहिले म्हणजे मगच पहिले पाऊल टाकितो. ते रोज येतात.