ओटिस कुठे बसतो

ओटिस जिथे बसेल तिथे स्फोटक आहे असे समजावे आणि त्या जागेची झडती घ्यावी, असा शेरीफच्या कचेरीचा लेखी नियम होता. ओटिस हा काउंटीच्या श्वानपथकातला एकमेव श्वान आणि व्हर्नन टॉलेफसन हा त्याला फिरवणारा एकमेव डेप्युटी. काउंटीजवळ विशेष पथके पुष्कळ होती, माणसे कमी. बॉम्बनाशक पथक म्हणजेही व्हर्ननच. पाणबुडे पथक म्हणजे लॉइड पेनर. घोडेस्वार पथकात घोडा होता. स्वार निवृत्त झाला होता.

जानेवारीतल्या त्या सकाळी न्यायालयाच्या इमारतीत श्वानपथकाची परीक्षा होती. काउंटी मंडळाचे अध्यक्ष ऑर्व्हिल श्टायगर यांना काटकसरीसाठी हे पथक बंद करायचे होते. ओटिस नापास झाला, तर बर्फ सारायच्या जुन्या गाड्यांबरोबर त्याचाही लिलाव होणार होता. घटस्फोटानंतर व्हर्नन घरी आल्याची दखल घेणारा ओटिस हा एकच जीव उरला होता. ज्या बाईने घटस्फोट दिला, ती ऑर्व्हिलची बहीण.

आजवर ओटिस एकदाही चुकला नव्हता. स्फोटकाचा नमुना व्हर्नन स्वतः लपवी, मग ओटिसला आणी, आणि ओटिस अचूक त्या जागी बसे. यंदा राज्याच्या तपासनिसाने ही पद्धत वाचली आणि एकच दुरुस्ती सुचवली: नमुना दुसऱ्याने लपवावा आणि जागा व्हर्ननला ठाऊक नसावी. शास्त्रात ही अट प्राथमिक समजतात. कचेरीत ती अपमान समजली गेली.

नमुना लॉइडने लपवला आणि सूचनेप्रमाणे जागा कोणालाही सांगितली नाही. तेवढ्यात गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला गेलेल्या कोणाची तरी गाडी बर्फ फोडून खाली गेली आणि लॉइड ती काढायला पाण्याखाली गेला.

"चल, शोध," व्हर्नन म्हणाला.

ओटिसने जमीन हुंगली नाही. त्याने व्हर्ननच्या तोंडाकडे पाहिले. व्हर्ननला वाटले, लॉइडने रेडिएटरमागे ठेवले असेल. ओटिस रेडिएटरपाशी जाऊन बसला. तिथे धूळ होती. मग व्हर्ननची नजर शीतपेयांच्या यंत्राकडे गेली आणि ओटिस तिथे बसला. यंत्र उघडण्यात आले. त्यातून डबे गडगडत न्यायाधीशांच्या दारापर्यंत गेले.

"चांगला बसतो की," ऑर्व्हिल म्हणाले. "बसण्यात काही खोट नाही त्याच्या."

"साहेब, जरा दम धरा. तो अजून अंदाज घेतोय."

"माझ्या बहिणीलाही तू हेच सांगायचास, व्हर्न. नोकरीचा अंदाज घेतोय, घराचा अंदाज घेतोय."

व्हर्ननने त्यांच्याकडे पाहिले, जरा जास्त वेळ पाहिले. ओटिस उठला आणि ऑर्व्हिलच्या पिशवीसमोर जाऊन बसला.

शेरीफ नॉर्मा क्वाम यांनी सुस्कारा सोडला. "नियम आहे, ऑर्व्हिल. उघडावी लागेल."

पिशवीत विजेवर चालणारी शेकायची गादी निघाली. इमारतीची ऊब काटकसरीसाठी कमी करण्याचा ठराव ऑर्व्हिल यांनीच आणला होता. कचेरीतल्या टंकलेखिका बाईंनी लोकरी हातमोजे काढले, त्या गादीकडे पाहिले आणि हातमोजे पुन्हा चढवले.

"कंबर दुखते माझी," ऑर्व्हिल म्हणाले.

"आमची बोटं दुखतात," बाई म्हणाल्या.

लॉइड पाण्याखालून वर येईपर्यंत जागा कळणार नव्हती, म्हणून आता दुसरा नियम लागू झाला. सार्वजनिक इमारतीत स्फोटक आहे आणि ते कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही, अशा स्थितीत इमारत रिकामी करून बॉम्बनाशक पथकाला पाचारण करावे लागते. नमुन्याला वात नव्हती आणि तो हातोडीने ठोकला तरी उडाला नसता. पण नियमाला हे विचारण्याची सोय नव्हती. न्यायाधीश, वकील आणि ट्रॅक्टरचोरीचा आरोपी असे सगळे बर्फातून समोरच्या चर्चमध्ये गेले. तिथे कॉफी तयारच होती. लोकांना बाहेर काढतील, हे चर्चच्या बायकांना आधीच कळले होते.

"बॉम्बनाशक पथकाला बोलाव," शेरीफ म्हणाल्या.

"मीच आहे ना, मॅडम."

"माहितीये मला. रेडिओवरून बोलाव. नोंद व्हायला पाहिजे."

व्हर्ननने स्वतःला बोलावले आणि स्वतःला होकार दिला. मग त्याने तो जाडजूड चिलखती पोशाख चढवला आणि वर घागरीएवढे शिरस्त्राण घातले. त्याच्या श्वासाने पुढची काच आतून धुरकट झाली. आता त्याला बाहेरचे दिसत नव्हते आणि बाहेरून त्याचे तोंड दिसत नव्हते. शेरीफ आणि ऑर्व्हिल दारातून पाहत होते.

"शोध," शिरस्त्राणातून आवाज आला.

ओटिसने वर पाहिले. तिथे तोंड नव्हते. तो थोडा घुटमळला, आणि मग, दुसरे काही करण्यासारखे उरले नाही म्हणून, त्याने नाक खाली घातले. कोपरे हुंगत, बाके हुंगत तो भिंतीवरच्या खुंट्यांपाशी गेला आणि एका कोटाखाली बसला.

व्हर्ननने काच वर केली. कोट त्याचाच होता.

तो पोशाखासकट बाकावर टेकला. "संपलं, मॅडम. कोटाला माझा वास येतो म्हणून बसलाय. नापास लिहा."

"झडती?"

"माझाच कोट आहे. त्यात काय असणार? लिहून टाका."

ऑर्व्हिल यांनी लिहून टाकले. तेवढ्यात लॉइड आला, केसांत बर्फ घेऊन. त्याने सगळ्यांकडे पाहिले, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि नमुना बाहेर काढला.

"तुझ्याच कोटात ठेवला होता," तो म्हणाला. "स्वतःवर संशय कोण घेतो?"

ऑर्व्हिल यांनी लिहिलेले खोडले. माणूस कंजूष असला तरी त्याला सरळ दिसणारी गोष्ट दिसत असे.

"कुत्र्यात खोट नाही. खोट तुझ्या तोंडात आहे, व्हर्न. तो नाक सोडून तुझं तोंड वाचतो."

"मग मी शिरस्त्राण घालून काम करीन."

"रोज? जुलैच्या उकाड्यातसुद्धा?"

व्हर्ननने शिरस्त्राण काढून मांडीवर घेतले.

श्वानपथक कायम राहिले. व्हर्नन राहिला नाही. ओटिस लॉइडकडे गेला. लॉइडच्या चेहऱ्यावर त्याच्या स्वतःच्या लग्नातही काही उमटले नव्हते. व्हर्ननची नेमणूक तुरुंगाच्या फाटकावर झाली. तिथल्या खोलीला खिडकी नव्हती आणि संध्याकाळी घरी गेल्यावर दखल घेणारे कोणी नव्हते.

तुरुंगाची तपासणी रोज सकाळी होई. पहिल्याच दिवशी ओटिस फाटकातून आत आला, लॉइडला ओढत थेट टेबलापाशी गेला आणि व्हर्ननसमोर बसला.

"हात वर कर," लॉइड म्हणाला.

"लॉइड, अरे, तो मला भेटायला आलाय."

"नियमात भेटायला असं काही नाही."

झडतीत काही सापडले नाही. दुसऱ्या दिवशी तेच झाले, तिसऱ्या दिवशीही तेच. व्हर्ननने तोंड भिंतीकडे केले, तर ओटिस पाठीसमोर बसला. प्रत्येक वेळी लॉइडला चूक नोंदवावी लागे, आणि चुका वाढल्या की श्वान लिलावात जातो, हा नियम ऑर्व्हिल यांनी नव्याने करून घेतला होता.

"उद्यापासून मी रजा टाकतो," व्हर्नन म्हणाला. "मी दिसलो नाही म्हणजे बसायचा नाही."

"सरावाचा नमुना कुठंही ठेवायची मुभा आहे मला," लॉइड म्हणाला, आणि व्हर्ननच्या शर्टाच्या खिशात एक लहान पुडी सरकवून खिशाचे बटण लावले.

तेव्हापासून ओटिस रोज सकाळी व्हर्ननसमोर बसतो, व्हर्नन हात वर करतो आणि लॉइड नमुना काढून पुन्हा ठेवतो. ओटिस एकदाही चुकलेला नाही; राज्यात असा दुसरा श्वान नाही, असे ऑर्व्हिल पाहुण्यांना सांगतात. तो स्फोटकासाठी बसतो की व्हर्ननसाठी, हे ठरवणे अवघड नाही. एक दिवस खिसा रिकामा ठेवावा, एवढेच करावे लागेल. राज्याचे तपासनीस दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा फाटकापाशी उभे राहून त्यांनी हे पाहिले. हा प्रयोग अजून कोणी सुचवलेला नाही.