किसननानांचा एक किलो

किसननाना कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी हाताला येईल ती वस्तू उचलतात, दोनदा खालीवर करतात आणि वजन सांगून मोकळे होतात. मी त्यांच्या शेजारी राहते, शाळेत शिकवते. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी माझा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलला. "दोन किलो तीनशे. पोरं लई लिवत्यात, मॅडम." मी गंमत म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. दोन किलो तीनशे दहा भरला.

"वरचं धा सुतळीचं," नाना म्हणाले.

अंबाजोगाईच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नाना अडतीस वर्षं मापाडी होते. तूर, ज्वारी, सोयाबीन, सगळं त्यांच्या हातून काट्यावर चढलं. माणूस निवृत्त झाला, हात काही झाला नाही. माझ्या बहिणीचं बाळ बघायला दवाखान्यात आले, तर नर्सबाईंशीच हुज्जत. "सिस्टर, कपड्यासकट मापलंय तुमी लेकरू." पुन्हा मापलं. नानांचंच खरं निघालं. "हात खोटं बोलत न्हाई" हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणतात.

आणि अशा माणसाच्या हातून पार्सलचं वजन चुकायचं. एकदा नव्हे, दर खेपेला.

झालं असं, की धाकटी लेकसुद्धा लग्न होऊन गेली आणि काकू, म्हणजे नानांची बायको, एकाएकी गप्प झाल्या. अंगणात येईनात, भाजीवालीशी घासाघीस करीनात. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. नानांनी एके दिवशी ट्रंकेतली जुनी लुगडी काढून त्यांच्यापुढे टाकली. "एक वाकळ शिव गं. मला थंडी वाजती." तेव्हा एप्रिल चालू होता. काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि सुई मागितली.

वाकळ इतकी देखणी झाली की मी मोबाइलवर फोटो काढून एका विक्रीच्या साइटवर टाकला. आठवड्यात गिऱ्हाईक मिळालं. पार्सल गेलं त्या दिवशी काकूंनी विचारलं, "कुठं गेली माझी वाकळ?" कितीतरी दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी कोल्हापूर म्हटलं. "तिकडं लई पाऊस असतो म्हणं. लागंल त्यांला," काकू म्हणाल्या आणि उठून चहा ठेवला.

मग आमचा धंदाच सुरू झाला. काकू शिवणार, मी फोटो टाकणार, नाना वजन सांगणार. गिऱ्हाईक किंमत नंतर विचारतं, पाठवणावळ आधी. नाना वाकळ हातावर तोलायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "एक किलो. एक किलोचं भाडं लिवा." मी लिहायची. कुरिअरच्या दुकानात काट्यावर ती तीन किलो भरायची. वरचा फरक नानांच्या खिशातून.

"नाना, गिऱ्हाइकाला कळवू या, वजन चुकलं म्हणून."

"न्हाई. माप चुकलं तर मापाड्यानं भोगावं. मोंढ्याचा कायदा हाय."

एकदा तर कुरिअरवाल्याने काटा बाजूला ठेवून टेपच काढला. पार्सल फुगीर, म्हणून लांबी-रुंदीवरून भाडं. नाना भडकले. "टेप लावून वजन करतो का बे? हवेचं भाडं घेतो? उद्या फुगा पाठवला तर टनाचं घेशील!" पार्सल उचलून घरी आणलं आणि दाबून बांधायला घेतलं. स्वतः बसले, ते पुरेना. "मॅडम, जरा टेका." मी त्या वाकळेवर बसून नववीच्या अख्ख्या तुकडीचे पेपर तपासले.

पोळ्याच्या सुमारास नागपूरच्या एका बाईंचा निरोप आला. त्यांच्या पार्सलावरच्या चिठ्ठीत खरं भाडं छापलं होतं. "तुमचं नुकसान झालेलं दिसतंय, फरक पाठवते आहे." मी कौतुकाने काकूंच्या देखतच मोठ्याने वाचलं. नाना मला हातवारे करून थांबवत होते, ते मला दिसलं नाही. काकू सुईत दोरा ओवत राहिल्या.

अंगणात आल्यावर मी नानांना धरलं. "बाळाचं वजन ग्रॅममध्ये सांगता आणि वाकळ कशी चुकते तुमची?"

नानांनी घराकडे बघितलं, आवाज उतरवला. "तीन किलोचं भाडं सांगितलं की गिऱ्हाईक पळतंय, मॅडम. पयल्या वाकळंला दोघं भाडं ऐकून पळालते, तुमीच सांगितलं व्हतं. गिऱ्हाईक न्हाई आलं की ती पुन्हा भिताडाकडं तोंड करून झोपंल. तिला सांगू नका." नागपूरचे पैसे त्यांनी माझ्याकडून त्याच दिवशी परत पाठवायला लावले. बायकोसाठी आपल्या हाताची अब्रू घालवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

पंधरा दिवसांनी गेले तर काकूंच्या मांडीवर वाकळ नव्हती. तान्ह्या बाळाची दुपटी होती, चार तयार आणि पाचवं चालू. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, कोपऱ्यात चिमणी. मी म्हटलं, वाकळ का सोडली?

"मोठ्याला हात दुखत्यात." मग नाना मागे बंब पेटवताहेत ना, ही खात्री करून त्या माझ्याकडे सरकल्या. "अडतीस वर्सं मोंढ्यात माप टाकलं त्या माणसानं. त्येला वाकळंचं वजन कळंना व्हय? तुमी मानलं आसंल, म्या न्हाई. पयल्यापसून ठावं हाय मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले आसते तर शिवायचं बंद करावं लागलं आसतं. आन् मला आता बंद करायचं न्हाई, मॅडम. लई दिसांनी बरं वाटतंय." त्या हसल्या. "म्हणून म्हटलं, आपुनच वजन कमी करावं."