स्वच्छ स्क्रीन

वैद्यकीय साहाय्य मंजुरी विभागाच्या खिडकीशी शिवणकाम करणारी एक बाई उभी होती. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करत. उजव्या डोळ्याला भिंग लावून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं आणि आता तोच डोळा जात चालला होता. शस्त्रक्रिया लवकर झाली तर वाचेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यासाठी या विभागाची मंजुरी लागत असे, आणि मंजुरी संगणकातून निघत असे.

खिडकीआडच्या कारकुनाने अर्ज भरायला घेतला. वडिलांचं नाव, वय आणि डोळा कुठला, एवढं टाइप करून तो दमला आणि त्याने स्क्रीनवर पत्त्यांचा डाव उघडला. तेवढ्यात मोठे साहेब दारातून आत आले. कारकुनाने ऑल्ट आणि टॅब ही बटणं एकदम दाबली. डाव मागे गेला, अर्ज पुढे आला.

साहेबांनी वाकून पाहिलं. "हे अर्धवट का?"

"काम चालू आहे, साहेब."

"चालू म्हणजेच प्रलंबित."

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम इंटरनेटवर चपला बघत होत्या. त्यांनी विंडोजचं बटण आणि डी दाबलं. चपलांसकट सगळ्या खिडक्या खाली गेल्या आणि स्क्रीनवर नुसती हिरवी टेकडी उरली. साहेब टेकडीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"याला म्हणतात कामाचा निपटारा," ते म्हणाले. "बघा, काही शिल्लक आहे का इथे?"

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. यापुढे ज्या स्क्रीनवर काम आढळेल, त्या कर्मचाऱ्याकडे काम प्रलंबित आहे असे समजण्यात येईल. सोबत प्रशिक्षणही ठेवलं. ज्यांना इतक्या वर्षांत ईमेलला फाइल जोडता आली नव्हती, त्यांनी एका दुपारी स्क्रीनवरची खिडकी डावीकडे सारणं, उजवीकडे सारणं, सगळ्या खिडक्या एकदम खाली पाडणं आत्मसात केलं. साहेब स्वतः पहिल्या रांगेत बसून टिपणं घेत होते. त्यांच्या केबिनचं दार त्यांच्या पाठीमागेच उघडत असे आणि येणाऱ्याला आधी त्यांची स्क्रीन दिसत असे.

मॅडमनी प्रामाणिक शंका काढली. "पण साहेब, खाली पाडलेली खिडकी तळाच्या पट्टीत दिसतेच की."

"मग झाकलेलं काम हेही कामच," साहेब गंभीरपणे म्हणाले. "ते बंदच केलं पाहिजे."

प्रशिक्षकाने ऑल्ट आणि एफ-फोर शिकवलं. संगणक विचारतो, बदल जतन करायचे का? त्यावर 'नाही' म्हणायचं. हे 'नाही' म्हणणं विभागाला आधीपासूनच येत होतं, त्यामुळे सराव लागला नाही.

आपला कारकून यात इतका तरबेज झाला की त्याला चषक मिळाला आणि सगळे त्याला चपळराव म्हणू लागले. बाई आली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

"वडिलांचा डोळा कुठला, बाई?"

"उजवा. मागच्या वेळीही उजवाच होता."

पुढे काही विचारायच्या आत साहेबांच्या बुटांचा आवाज येई आणि स्क्रीनवर टेकडी हिरवीगार होई.

शेवटी ती साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खिडकीपाशी नेऊन चपळरावाची स्क्रीन दाखवली.

"दिसतं का काही?"

"नाही."

"मग तुमचा अर्ज प्रलंबित नाही. निश्चिंत मनाने घरी जा."

"पण मंजुरी?"

"बाई, प्रलंबित नाही म्हटलं ना मी."

त्या महिन्यात विभागाची प्रलंबित प्रकरणं शून्यावर आली आणि वडिलांचा उजवा डोळा गेला. उघडून ठेवलेलं एक घड्याळ म्हाताऱ्याने चाचपडत डबीत भरलं आणि झाकण लेकीकडून लावून घेतलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या की डाव्या डोळ्यालाही तेच सुरू झालंय.

बाई पुन्हा खिडकीशी आली.

"डोळा उजवाच ना?" चपळरावाने सवयीने विचारलं.

"तो गेला. आता डावा लिहा. आणि संपवल्याशिवाय हलू नका."

चपळराव क्षणभर ओशाळला. मग खरंच टाइप करू लागला. शेवटचा रकाना उरला असताना बुटांचा आवाज आला. त्याची बोटं आपोआप ऑल्ट आणि एफ-फोरकडे वळली. बाईने खिडकीतून हात घालून त्याचं मनगट धरलं. जन्मभर जाड कापड ओढलेला हात होता तो.

"आता नाही," ती हळूच म्हणाली. "आधी जतन करा."

साहेब आले. स्क्रीनवर एका बाजूला अर्ज, दुसऱ्या बाजूला बाई येण्याआधीपासून उघडे असलेले पत्ते. साहेबांनी दोन्हींकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त मनगटाकडे पाहिलं.

"कर्मचाऱ्याच्या अंगाला हात?" ते म्हणाले. "संगणक बंद करा. ही खिडकी पुढील आदेशापर्यंत बंद."

बाईने हात मागे घेतला, अर्ज जतन न होताच संगणक बंद झाला आणि शटर खाली आलं. ती तिथेच उभी राहिली. रांगेत चुळबुळ झाली आणि मागून कोणीतरी म्हणालं, "काय हो बाई, तुमच्या एकटीपायी आमचंही काम अडलं. जरा समजुतीने घ्यायचं असतं."

बऱ्याच माना डोलल्या. आवाज तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. तो तुमचाच होता.