झुंबरबाईंच्या नावचं पॉपलिन

दुपारची वेळ. बेबी झोपली होती, अंगणातल्या कोंबड्याही सावलीला गप्प बसल्या होत्या, आणि त्या शांततेत एक आवाज झाला. टर्रऽऽ.

चुलीपाशी बसलेल्या सगुणानं मान वर केली नाही. आवाज ओळखीचा होता.

"कुठं फाटला?" तिनं विचारलं.

"पाठीत," धर्मराज म्हणाला. खाटेखालची चप्पल काढायला तो वाकला होता आणि तसाच वाकून राहिला होता. सरळ झालं तर आणखी फाटेल, अशी त्याला भीती.

"लई?"

"हात जाईल एवढा."

खाटेवर तूर निवडत बसलेल्या झुंबरबाईंनी हात घालून बघितला. "दोन जातील," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तूर निवडू लागल्या.

धर्मराज वडीगोद्रीला जनावरांच्या दवाखान्यात कामाला होता, आणि पांढरा म्हणावा असा हा त्याचा एकुलता एक सदरा. त्या काळी घरात कपडासुद्धा माणसासारखा वयात यायचा आणि म्हातारा व्हायचा. नवा असताना तो लग्नकार्यात मिरवायचा, मग नोकरीला लागायचा, मग त्याची कॉलर उलटवली जायची, मग त्याचं लेकराला झबलं, झबल्याचं फडकं आणि शेवटी फडक्याची वात होऊन तो उजेड द्यायचा. धर्मराजच्या सदऱ्याची कॉलर कधीच उलटून झाली होती. आता उलटण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

आणि सगुणाच्या धाकट्या नणंदेचं लग्न पौर्णिमेवर आलेलं. लग्न बौद्ध पद्धतीचं, घरच्या सगळ्यांनी वंदनेला पांढऱ्यात बसायचं. सासू-सुनेची पांढरी पातळं पेटीत होती, पण दोघींच्या चोळ्या, धर्मराजचा सदरा-पायजमा आणि बेबीचा फ्रॉक, एवढं कापड आणायलाच हवं होतं.

"मांजरपाट आणू," धर्मराज वाकल्या वाकल्या म्हणाला.

"बिलकुल न्हाई!" झुंबरबाईंनी सूप खाली ठेवलं. "थोरलीच्या लग्नात पंगतीला वरण कमी पडलं, ते लोक इसरले. पर आपण कंट्रोलच्या मांजरपाटात बसलो व्हतो, ते अजून काढत्यात. पहिल्या धुण्यात गोणपाट झालं त्याचं. ह्या बारीला माझ्या लेकीच्या लग्नात चांगलंच कापड पाहिजे. अन् पैसे हायेत तेवढ्यातच पाहिजे."

ही दोन्ही कामं एकदम करणारं माणूस घरात एकच होतं. सगुणा. कापडाचं टोक तळहातात चोळून खळ झाडायची, उजेडाकडे धरून वीण बघायची, एक धागा ओढून दाताखाली धरायचा, हे सगळं तिला सासूनंच शिकवलं होतं, आणि आता ती सासूच्याही पुढे गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ती जुन्या जालन्याला निघाली. तिचे डोळे आले होते, दोन्ही लालबुंद, सारखं पाणी. पण डोळे बरे होईपर्यंत पौर्णिमा थांबणार नव्हती.

दोनचार दुकानांत भाव ऐकून ती बाहेर पडली. पॉपलिनचा भाव ऐकला की तिचे डोळे जास्तच वाहायचे. शेवटी गल्लीच्या टोकाच्या एका जुन्या दुकानाची पायरी ती चढली. केस गाडीतल्या वाऱ्यानं विस्कटलेले, पदर डोळ्यांना लावलेला.

"पांढरं कापड दाखवा," ती म्हणाली. "जरा जल्दी करा शेटजी, घरी समदे खोळंबलेत."

गादीवरच्या म्हाताऱ्या शेटजींचा आवाज एकदम खाली आला. "कोणासाठी, बाई?"

आता चौघांची नावं कुठं सांगत बसायची? ज्यांनी पाठवलं त्यांचंच घ्यावं, म्हणून ती म्हणाली, "सासूबाईसाठी."

"अरेरे," शेटजी म्हणाले.

त्यात अरेरे काय, ते सगुणाला कळलं नाही. पण एवढ्या मायेनं कुणी विचारलं की माणूस बोलतं. "पौर्णिमेला नणंदेचं लगन हाये," तिनं सांगितलं, "अन् मधीच ह्ये असं झालं." तिच्या डोळ्यांसमोर सदरा होता.

"लग्न तोंडावर, आणि..." शेटजींनी चष्मा काढून पुसला. मग मांजरपाटाचा तागा पुढे ढकलला.

सगुणानं टोक चोळलं. खळीचा धुरळा उडाला. "ह्ये नगं. ह्ये पहिल्या पाण्यात जातं. टिकाऊ दाखवा."

शेटजी बघतच राहिले. ह्या कामासाठी टिकाऊ कापड आजवर त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. "टिकाऊ?"

"व्हय. धुवून धुवून वापरता आलं पाहिजे."

शेटजींनी स्वतःची समजूत घातली. दुःखात माणूस काहीही बोलतं. सासूसाठी एवढं जीव तोडणारी सून मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. ते स्वतः उठले आणि वरच्या फळीवरचा मिलच्या पॉपलिनचा तागा काढून तिच्यापुढे उलगडला. दुधासारखं कापड. सगुणानं नऊ वार सांगितलं, आणि म्हातारी अंगानं थोराड आहे, असं वर सांगितलं. शेटजींनी कात्रीला हात लावला नाही. दातानं टोक तोडून त्यांनी कापड हातानंच फाडलं, वर अर्धा वार जास्त सोडला आणि जो भाव सांगितला तो ऐकून सगुणाला वाटलं, डोळ्यांबरोबर आपले कानही आलेत.

"ह्या कामाच्या कापडावर आम्ही नफा घेत नाही, बाई. वडिलांपासूनची रीत आहे." शेटजींनी हात जोडले. "म्हातारीला शांती लाभो."

तेव्हा कुठं सगुणाच्या डोक्यात उजेड पडला. पांढरं कापड, वाहते डोळे, कात्री न लावता कफनासारखं हातानं फाडलेलं टोक. तिचं तोंड उघडलं. पण पॉपलिन फाडून झालेलं होतं, पैसे बरोबर पुरत होते, आणि एक शब्द बोलला असता तर त्याचं पुन्हा मांजरपाट झालं असतं. तिनं तोंड मिटलं, गाठोडं उचललं आणि मागं न बघता पायऱ्या उतरली.

ती उतरली आणि मच्छिंद्र चढला. वडीगोद्रीच्या फाट्यावर त्याचं चहाचं हॉटेल होतं, आणि चहापेक्षा तिथं बातम्या जास्त उकळायच्या.

तो वळून तिच्याकडे बघत राहिला तेव्हा शेटजींनी विचारलं, "तुमच्या गावची का ती बाई? "सासू गेली बिचारीची."

मच्छिंद्रनं टॉवेल घ्यायचा सोडला आणि मिळाला त्या ट्रकनं गाव गाठलं. सगुणाची एस.टी. मात्र अंबडला पंक्चर झाली.

दिवस कलताना ती फाट्यावर उतरली. वाटभर तिचं मन तिला खात होतं. आणि गल्लीच्या तोंडाशी आली तर आतून रडण्याचा आवाज. एका-दोघींचा नाही, अख्ख्या गल्लीचा. आणि तो तिच्याच दारातून येत होता.

आपण गप्प बसलो, आणि ते खरं झालं! गाठोडं छातीशी धरून ती धावत सुटली. पायातली एक चप्पल वाटेत राहिली.

अंगणात बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. आणि मधोमध, सगळ्यांत मोठा गळा काढून, झुंबरबाई रडत होत्या.

झालं होतं असं, की धर्मराज दवाखान्यात, पोरी रानात, आणि झुंबरबाई आडावर गेल्या होत्या. घागर घेऊन येतात तर दारात रडारड. कोण गेलं हे विचारायचं असतं, पण आधी गळा काढायचा असतो. त्यांनी घागर टेकवली, मिळेल तिच्या गळ्यात पडल्या आणि सूर लावला. तोंडावर पदर घेतलेल्या बायकांना कोण आलं ते दिसलं नाही. घरचं माणूस असणार, एवढं आवाजावरून कळलं.

"आत्याबाई!" सगुणानं किंकाळी फोडून त्यांना मिठी मारली. आता मात्र ती खरं रडत होती, आले नसते तरी तिचे डोळे वाहिले असते.

"रडू नगं, पोरी, रडू नगं," झुंबरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "आधी कोण गेलं त्ये तर कळू दे."

रडणं हळूहळू थांबलं. एकेक पदर खाली आला. तेवढ्यात खांद्यावर बांबू घेऊन मच्छिंद्र अंगणात शिरला, समोर झुंबरबाईंना बघून त्याच्या हातातला बांबू सुटला आणि कोंबड्या छपरावर गेल्या.

"मावशे! तू गेली न्हाईस?"

"कुठं जाऊ? आडावर गेल्ते."

"आगं, शेटजी सोता बोलला! तुझ्या सुनेनं बराबर तुझ्या नावानं कापड नेलंय म्हणून!"

सगळ्यांच्या नजरा सगुणाच्या छातीशी धरलेल्या गाठोड्यावर गेल्या. लपवायला जागा नव्हती. तिनं सगळं सांगितलं. चोरून काही ठेवलं नाही. सांगून झाल्यावर मान खाली घालून उभी राहिली.

झुंबरबाईंनी गाठोडं तिच्या हातातून घेतलं. सोडलं. त्यांनी कापडाचं टोक तळहातात चोळलं. उजेडाकडे धरलं. धागा ओढून दाताखाली घेतला.

"मिलचं हाये," त्या म्हणाल्या. "काय भावानं?"

सगुणानं भाव सांगितला.

"माझ्या नावानं?"

"व्हय, आत्याबाई."

झुंबरबाईंनी कापड हातानं मोजून बघितलं. मग म्हणाल्या, "मंग नऊच वार का आणलंस गं?"

गल्ली हसली, पण गोष्ट तिथं संपली नाही. बातमी संध्याकाळच्या गाडीनं आष्टीला, नवरदेवाच्या घरी पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही रखमाजी आले, खांद्यावर पांढरा टॉवेल, चेहरा उतरलेला. लग्न पुढं ढकलू, हे सांगायचं कसं, त्याची वाटभर जुळवाजुळव केलेली. दार झुंबरबाईंनीच उघडलं.

"जय भीम, व्याही. च्या घेता का?"

रखमाजी ओसरीवर बसले नाहीत, आदळले. दुसरा कप चहा पोटात गेल्यावर त्यांना बोलता आलं. "आम्ही म्हणलो, लगीन आता पुढच्या सालाला..."

"मी मेले तरी पौर्णिमा हुकली नसती," झुंबरबाई म्हणाल्या. "आता तर मी जिती हाये."

रखमाजी हसत हसत गेले, पण झुंबरबाई पुढचे चार दिवस कापडाच्या गाठोड्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी अंड्यावरच्या दोन कोंबड्या विकल्या आणि सुनेला म्हणाल्या, "चल. जित्या माणसाच्या भावानं पैसे देऊन येऊ. बाबासाहेबांचं नाव घेऊन पांढऱ्यात बसायचं अन् खोट्या कापडात? न्हाई जमायचं."

जुन्या जालन्याच्या त्या पायऱ्या सगुणा दुसऱ्यांदा चढली तेव्हा तिचे डोळे बरे झाले होते, तरी वर बघवत नव्हतं. झुंबरबाईंनी पैसे गादीवर ठेवले.

"शेटजी, मी हिची सासू."

"दुसऱ्या?" शेटजींनी विचारलं.

"न्हाई. तीच."

शेटजींनी गादीचा कठडा धरला. सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पैसे उचलून त्यांनी झुंबरबाईंच्याच हातावर परत ठेवले.

"माझ्याच मनानं मी हिला दुःखात बसवलं. आणि तोंडातून एकदा भाव गेला तो गेला, त्या कापडावर नफा घेतला तर वडिलांची रीत मोडते. ते कापड आता तुमचं. फक्त एक. तुमच्या नावानं पुन्हा मागायला कुणी यायचं नाही, मावशी. एका माणसाला एकदाच."

"कबूल," झुंबरबाई म्हणाल्या. "पुढच्या बारीला मी सोता येते."

म्हातारा एवढा हसला, की समोरच्या दुकानातले लोक बघायला आले.

पौर्णिमेला लग्न झालं. धर्मराजचा सदरा, सासू-सुनेच्या चोळ्या, उरलेल्या अर्ध्या वाराची झालर लावलेला बेबीचा फ्रॉक. वंदनेला सगळे ओळीनं बसले तेव्हा मांडवात चांदणं सांडल्यासारखं वाटत होतं. थोरलीच्या लग्नातलं मांजरपाट त्या दिवशी गावानं सोडून दिलं. बोलायला आता नवं कापड होतं.

वरात आष्टीकडे गेली. मांडव रिकामा झाला. लेक गेली त्या वाटेकडे बघत झुंबरबाई ओट्यावर बसल्या होत्या, एवढ्याशा दिसत होत्या. सगुणा बेबीच्या फ्रॉकची बटणं सोडत होती, आणि बेबी तो काढू देत नव्हती.

"माय, ह्यो आजीच्या कापडाचा हाये ना?"

"व्हय गं. सोड हात."

"अन् बाबाचा सदरा बी?"

"त्यो बी. तुझी झालर, माझी चोळी, समदं आजीचंच."

बेबीनं आजीकडे बघितलं, मग स्वतःच्या झालरीकडे. कपाळाला आठ्या घालून तिनं हिशेब लावला.

"शेटजी तर पुन्हा देणार न्हाई म्हणलाय. अन् हे तर आपण समद्यांनी घालून टाकलं." तिनं आईची हनुवटी दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवली. "माय, मंग आजी आता मरणार कशी?"