निमटेक येथील उपऱ्यांची यादी

गावाचे रक्षण करावयाचे तर गावात कोण आहे हे आधी ठरवावे लागते, आणि गावात कोण आहे हे ठरवावयाचे तर कोण नाही हे त्याच्याही आधी ठरवावे लागते. मोठमोठ्या साम्राज्यांना हे तत्त्व कळायला शेकडो वर्षे लागली. धुळ्यापासून सहा कोसांवरच्या आमच्या निमटेक गावाला ते सन १९३७ च्या वैशाखात, एका दुपारी, मारुतीच्या पारावर बसल्या बसल्या कळले.

निमित्त विहिरीचे होते. पाणी तळाला गेले होते आणि त्याची दोन कारणे निघाली. पहिले, आदल्या वर्षी पाऊस कमी पडला. दुसरे, उपरे लोक पाणी पितात. पावसाविरुद्ध ठराव करता येत नाही हे रुपचंद पाटलांनी निदर्शनास आणले, तेव्हा दुसरे कारण एकमताने मंजूर झाले आणि जलरक्षण समिती स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच रुपचंद पाटील (त्यांच्याकडे धुळ्याहून वर्तमानपत्र येई, त्यामुळे काळजी करण्याचा सराव होता). सभासद कौतिक आणि वना. चिटणीस मी, शाळेचा मास्तर. (मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. हा मुद्दा कोणी काढला नाही, कारण यादी मीच लिहिणार होतो.)

प्रथम उपऱ्यांविषयी गावाचे मत अजमावले. हजर छप्पन्न. एकवीस जणांच्या मते उपरे आळशी असून बसून खातात. एकोणीस जणांच्या मते ते दिवसभर राबून आपली कामे पळवतात. उरलेल्या सोळांनी दोन्ही वेळा हात वर केले. त्यांची समज व्यापक असल्याने त्यांना समितीचे सल्लागार नेमले.

मग व्याख्या झाली. वेशीच्या आत जन्मला तो गावचा, बाहेर जन्मून आत आला तो उपरा. गावच्यांनी विहिरीवर पाणी भरावे, उपऱ्यांनी मैलभरावर नदीच्या वाळूत झिरा उकरून भरावे. इतकी स्वच्छ व्याख्या मी पूर्वी पाहिली नव्हती. (गावकुसाबाहेरच्या वस्तीतले लोक वेशीबाहेरच जन्मत, आणि विहिरीला त्यांचा हात कधीच लागू दिलेला नव्हता. तेवढे काम आयतेच झालेले मिळाले.)

पहिल्या दिवशी यादीत तीन नावे आली. एक कल्हईवाला, जो महिन्यापूर्वीच गाव सोडून गेला होता. एक बैरागी, ज्याला पाणी पिताना कोणी पाहिले नव्हते. आणि लाडकुंवर.

लाडकुंवर म्हणजे कै. दलिचंद शेठजींची विधवा. शेठजींचे मीठ-गुळाचे दुकान होते, ते आता ती एकटीच चालवी. मूलबाळ नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन मारवाडातून निघाली, चाळीसगावला आगगाडीतून उतरून बैलगाडीत बसली, ती थेट निमटेकला उतरली. त्याला पंचेचाळीस वर्षे झाली होती. निम्म्या समितीच्या तोंडात पहिला गूळ तिनेच घातला होता. तिचे दोन्ही गुडघे धरलेले होते, पण गुडघ्यांसाठी व्याख्येत सोय नव्हती.

ठराव वाचून दाखवायला मी गेलो. तिने सगळा शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “मास्तर, मंग मी कोठली शे?”

मी यादीत पाहून मारवाडातल्या तिच्या खेड्याचे नाव सांगितले.

“तठे माले आते कोन वळखस?” ती म्हणाली, आणि हंडा घेऊन नदीकडे निघाली. तीन वेळा खाली बसत ती पोचली. येताना हंडा निम्माच भरलेला होता. मला वाईट वाटले, पण चिटणिसाला वाईट वाटण्याचा अधिकार नसतो, म्हणून मी शाळेत जाऊन पाढे घेतले.

दुसऱ्या दिवशी पाटलांची बायको मंजुळाबाई शाळेच्या दारात उभी राहिली. व्याख्या काय आहे, असे तिने विचारले. मी वाचून दाखवली. तिने ती दोनदा ऐकली.

“मन्हं बी नाव लिखा. मी पिंपळनेरनी शे.”

मी म्हटले, ते तुमच्यासाठी नाही. कागदावर तसे लिहिले आहे का, असे तिने विचारले. लिहिलेले नव्हते. नाव लिहावे लागले.

येथे एक बारीकशी गोष्ट समितीच्या नजरेतून सुटली होती. निमटेकचा भाऊबंद निमटेकची मुलगी करीत नाही. सून बाहेरून येते आणि लेक बाहेर जाते, हे इतके जुने आहे की ते कोणाला दिसतच नव्हते. तीन दिवसांत यादी एकशे सेहेचाळीस नावांवर गेली. भिकुबाई साक्रीकडची, सुंदरबाई पारोळ्याकडची, वनाची आई थेट नवापूरची. गावात गावचे असे कोण राहिले ते मोजले: सगळे पुरुष, सगळी पोरे आणि लग्न न झालेल्या मुली. (मुली गावच्याच, पण लग्न होईपर्यंत. त्यांना घरी धाकटी भावंडे सांभाळायला ठेवले होते, कारण आया झिऱ्यावर होत्या.)

आता विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क निखालस पुरुषांचा झाला. हक्क फार मोठा होता, फक्त तो डोक्यावर कसा ठेवतात हे कोणाला ठाऊक नव्हते. पहिल्या सकाळी पाच हंडे विहिरीत गेले आणि गळ टाकून काढताना सहावा गेला. कौतिकने धोतराच्या सोग्याची चुंबळ केली, त्यामुळे डोके झाकले गेले आणि बाकीचे उघडे पडले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणीच फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी पाणी हातभर वाढले. समितीने स्वतःचे अभिनंदन केले आणि मी त्याची नोंद केली.

घरोघर मात्र रांजण कोरडे होते. बायका झिऱ्यावरून पाणी आणीत, स्वतः पीत, लेकरांना पाजीत, आधी लाडकुंवरचा हंडा भरून देत आणि उरलेले झाकून ठेवीत. पाचव्या दिवशी पाटील शेतातून तापून आले आणि त्यांनी तांब्या मागितला. मंजुळाबाईने हंड्यावर हात ठेवला.

“हाई उपरासनं पानी शे. तुमले कसं चाली?”

त्याच संध्याकाळी तातडीची बैठक झाली. दुरुस्ती सुचवण्यात आली की बायको ही आलेली नसून आणलेली असते, सबब ती उपरी नाही. मंजूर. पण लाडकुंवरलाही शेठजींनी आणलेच होते. मग सुचवले की आणणारा वारला की आणणे रद्द होते. मंजूर होणार तोच पाटलांना आठवले की त्यांची आई यशोदाबाई विधवा आहे, आणि ती ओट्यावर काठी घेऊन बसली आहे. दुरुस्ती मागे घेण्यात आली. शेवटी समितीने विषय पावसाळ्यापर्यंत तहकूब केला आणि लाडकुंवरला ‘सवलत म्हणून’ विहिरीवर पाणी भरू द्यावे असे ठरवले.

सवलतीचा कागद घेऊन मीच गेलो. नाव, वय, गाव असे तीन रकाने होते. गावापाशी मी पुन्हा मारवाडातले खेडे लिहू लागलो, तेव्हा तिने माझा हात धरला.

“तठे निमटेक लिखा. पानी नही भेटनं तरी चाली.”

मी निमटेक लिहिले. समितीच्या कामात स्वतःच्या मनाने केलेली ती माझी एकमेव नोंद आहे. तिने कागद नीट घडी करून ठेवला आणि सहज विचारले, “तुमनं नाव कोठे शे यादीमा?” मी दौतीतली शाई संपल्याचे सांगितले.

ती यादी अजून माझ्यापाशी आहे आणि व्याख्या कोणी रद्द केलेली नाही. तेव्हा वाचकांना एकच विनंती. हे वाचून घसा कोरडा पडला असेल आणि शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असेल, तर लगेच तोंडाला लावू नका. तो भरणारी कोणत्या गावची, हे आधी आत जाऊन विचारून या.